वयाच्या तिशीनंतर छातीच्या खड्ड्याचं ऑपरेशन करून उपयोग होतो का? किती दिवस दुखतं?

होतो. माझ्या छातीचं मधलं हाड आत गेलेलं होतं (पेक्टस एक्स्कॅव्हेटम), मी ३३व्या वर्षी ऑपरेशन करून घेतलं. दुखतं मात्र भरपूर. मुलांच्या बरगड्यांची कूर्चा लवचिक असते, आपली ताठ झालेली असते.

आमच्या अण्णांना खड्ड्याची तक्रार ही माझी हौस वाटायची. आठवीत त्यांनी मला तालमीत घातलं, "जोर मार, खड्डा भरून येईल." पाच वर्षं मारले. दोन्ही बाजूंचे स्नायू वाढले आणि मधला खड्डा आणखीच खोल दिसायला लागला. हाड आत गेलंय, ते जोर मारून बाहेर कसं येणार? विहिरीत पोहायलाही मी बनियन घालूनच उतरायचो. पण खरा त्रास जिना चढताना व्हायचा, छाती नुसती धडधडायची. नेहमीच्या डॉक्टरांनी झोपवून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, विषय संपला. अहो, दम पळताना लागतो, तर पळवून बघा ना!

शेवटी सीटी स्कॅन झाला. हॅलर इंडेक्स ४.६. छातीची आतली रुंदी भागिले छातीचं हाड ते मणका हे अंतर. साधारणपणे तो अडीचच्या आसपास असतो, ३.२५च्या वर गेला की ऑपरेशनचा विचार करतात. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची उजवी बाजू दबलेली दिसली. तरी विमा कंपनीने ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणून क्लेम नाकारला. हृदय दबतंय, यात सौंदर्य कुठे आलं?

माझं नस पद्धतीने झालं. डॉ. डोनाल्ड नस यांनी अमेरिकेत १९८७ साली लहान मुलांसाठी सुरू केलेली ही पद्धत. काखेखाली छेद घेऊन, आत कॅमेरा ठेवून, वाकवलेली धातूची पट्टी छातीच्या हाडामागून सरकवतात आणि उलटवतात, की हाड वर उचललं जातं. मोठ्यांना बऱ्याचदा दोन पट्ट्या लागतात, मलाही लागल्या. पहिले चार दिवस पाठीतून भुलीचं औषध चालू होतं, खरं दुखणं ते काढल्यावर कळलं. दीड महिना कुशीवर झोपता आलं नाही, शिंक आली की डोळ्यांत पाणी. तीन महिन्यांनी जिना चढलो, धडधड नव्हती.

तीन वर्षांनी पट्ट्या काढल्या. त्या घरी आणल्या तेव्हा अण्णांनी एक हातात घेतली, तिच्या बाकावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "तालमीत दम लागायचा का रे तुला?" हो म्हणालो.

निकेलची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, टायटॅनियमची पट्टी मिळते. उंच, सडपातळ असाल तर मार्फानची (सांधे, हृदय, रक्तवाहिन्यांवर परिणाम करणाऱ्या जन्मजात आजाराची) तपासणी करून घ्या. हृदयाला इजा होण्याचा धोका कमी असला तरी असतोच, म्हणून मोठ्या माणसांची अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जा. खड्डा उथळ असेल आणि दम लागत नसेल तर नाही केलं तरी चालेल. पण घरात कोणी जोर मारायला सांगत असेल, तर त्यांच्या हातात सीटीची फिल्म द्या.