डीएसीवरचा आकडा ४८ वरच का अडकतो?

प्रश्न : मी शास्त्रीय संगीताच्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार लहान केलेल्या ध्वनीच्या) फायली विंडोजच्या लॅपटॉपवरून, यूएसबीने जोडलेल्या बाह्य डीएसीमार्फत, म्हणजे अंकांच्या रूपातील ध्वनीचे स्पीकरला चालणाऱ्या विद्युतसंकेतात रूपांतर करणाऱ्या उपकरणातून, ऐकतो. डीएसीच्या पडद्यावर मात्र कायम ४८ हाच आकडा दिसतो. डीएसी सदोष आहे, की यूएसबी केबल भारी घ्यायला हवी? शिवाय चार्जर लावला की स्पीकरमधून घोंघावणारा आवाज येतो. — एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपला डीएसी बहुधा निर्दोष आहे. विंडोज निरनिराळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळून पुढे पाठवते आणि त्यासाठी ते सारे आधी एकाच ठरावीक दरात (सेकंदाला ध्वनीचे किती नमुने, तो हा दर) बदलून घेते. आपल्या लॅपटॉपवर तो दर ४८ किलोहर्ट्झ असणार. साउंडच्या सेटिंगमध्ये, डीएसीच्या प्रॉपर्टीजमधील 'ॲडव्हान्स्ड' पानावर तो ९६ करता येतो, पण मग सीडीवरून घेतलेली ४४.१ किलोहर्ट्झची गाणीही विनाकारण ९६ मध्ये रूपांतरित होऊ लागतात. म्हणून प्लेअरलाच डीएसीचा थेट ताबा देणे अधिक चांगले. फूबार२००० या मोफत प्लेअरच्या आउटपुट यादीत डीएसीच्या नावापुढे 'एक्सक्लुझिव्ह' असे लिहिलेला पर्याय निवडावा, प्लेअरमधील आवाज पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त करायचा तो ॲम्प्लिफायरवर करावा. मग प्रत्येक फायलीनुसार पडद्यावरचा आकडा आपोआप बदलेल. गाणे चालू असताना इतर प्रोग्रामांचे आवाज ऐकू येणार नाहीत, आणि मैफलीच्या मध्येच ईमेलची घंटी न वाजणे ही माझ्या मते सोयच आहे.

केबलवर पैसे घालवू नयेत. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ ध्वनीला सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट एवढाच वेग लागतो, तर यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट आहे. साधी, धड जोडलेली, आखूड केबल पुरेशी होते.

आकडा ९६ झाल्यावर ऐकण्यात किती फरक पडेल, याबद्दल मात्र अपेक्षा माफक ठेवाव्यात. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते, आणि ४४.१ किलोहर्ट्झच्या सीडीत त्या दराच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचा, ध्वनी मावतो. सीडीच्या १६ बिटांत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत बारीक आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल असते. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे गेलेला, पंखा पूर्ण वेगाने फिरणारा आणि पलीकडच्या कारखान्यात माग खडखडणारे, अशा सोलापुरी घरात हे अंतरही पुरते वापरले जात नाही. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या १९२ किलोहर्ट्झच्या फायलींत तर वरच्या पट्टीत प्रामुख्याने सुईची खरखरच साठवलेली असते. ध्वनिमुद्रण मुळात कसे झाले आणि स्पीकर खोलीत कुठे ठेवले आहेत, यांवर श्रवणाचा आनंद कितीतरी अधिक अवलंबून असतो.

आता घोंघावण्याविषयी. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज थांबला, तर चार्जर आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून केबलींद्वारे एक वेटोळे तयार झाले असण्याची शक्यता मोठी, आणि त्यातून वाहणारा सूक्ष्म प्रवाह स्पीकरमध्ये उमटतो. दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्यास तो पुष्कळदा कमी होतो. संगणकाला ऑप्टिकल (प्रकाशाने ध्वनी पाठवणारे) आउटपुट असेल, तर त्या तारेतून वीज जातच नसल्याने या मार्गाने येणारा त्रास मिटतो. लॅपटॉपवर ही सोय क्वचितच असते. यूएसबी आयसोलेटर (संगणक आणि डीएसी यांच्यातील विजेचा संबंध तोडणारे छोटे उपकरण) हाही एक उपाय आहे, परंतु स्वस्त आयसोलेटर अनेकदा १२ मेगाबिटच्या वेगापुरतेच असतात आणि त्यांतून काही डीएसी ओळखलेच जात नाहीत, म्हणून 'हाय स्पीड' असा स्पष्ट उल्लेख पाहूनच घ्यावा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मुळीच मानू नये. घोंघावणे थांबेलही, पण उपकरणात बिघाड झाल्यास धक्का बसून जिवावर बेतू शकते.