'अपेंडिसायटिस' हा शब्द लॅटिन की ग्रीक?

'अपेंडिसायटिस' हा शब्द लॅटिन आहे की ग्रीक, आणि त्यातल्या 'आयटिस'चा मूळ अर्थ सूज असाच आहे का, असे आपण विचारले आहे. या शब्दाचे धड लॅटिन आहे आणि प्रत्यय ग्रीक.

धडाचे काम सोपे आहे. लॅटिनमध्ये 'अपेंडिक्स' म्हणजे मुख्य वस्तूला टांगलेली, जोडलेली गोष्ट. म्हणूनच पुस्तकाच्या परिशिष्टालाही इंग्रजीत हेच नाव आहे. त्याचे षष्ठीचे रूप 'अपेंडिकिस' असे होते, त्यामुळे प्रत्यय लागताना शेवटच्या 'क्स'ऐवजी केवळ 'क' उरतो आणि इंग्रजी उच्चारात पुढच्या स्वरामुळे त्याचा 'स' होतो. आपल्याकडे 'वाक्'पासून 'वाचिक' होताना 'क'चा 'च' होतो, तसेच काहीसे.

खरी गंमत प्रत्ययात आहे. ग्रीकमध्ये '-इटिस' हे 'अमुक अवयवाचा' असे सांगणारे स्त्रीलिंगी विशेषण होते आणि त्याच्या पुढे 'नोसोस', म्हणजे रोग, हा स्त्रीलिंगी शब्द येई किंवा गृहीत असे. 'आर्थ्रायटिस' म्हणजे 'सांध्यांचा (रोग)', एवढेच. सुजेचा त्यात उल्लेखही नव्हता. पैठणची साडी ती पैठणी, आणि पुढे 'साडी' म्हणायची गरजच उरली नाही, तसेच इथे 'रोग' गळून पडला. सूज किंवा दाह हा नेमका अर्थ त्या प्रत्ययाला नंतरच्या वैद्यकाने चिकटवला.

हार्वर्डचे विकृतिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड फिट्झ यांनी 1886 साली या आजाराचे मूळ अपेंडिक्समध्ये असल्याचे दाखवले आणि हे नाव रूढ केले. त्याआधी 'टिफ्लायटिस' किंवा 'पेरिटिफ्लायटिस' म्हणत. ग्रीकमध्ये 'टिफ्लोस' म्हणजे आंधळा. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी एका टोकाला बंद असते, म्हणून तिला आंधळे आतडे म्हणत. ते शब्द पूर्ण ग्रीक होते, पण रोगाचा दोष शेजारच्या अवयवावर टाकत होते. त्यामुळे दोन भाषांची सरमिसळ असूनही मला फिट्झ यांचा शब्दच अधिक प्रामाणिक वाटतो. तरीही जुने नाव लगेच गेले नाही: 1902 साली सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक याच दुखण्यामुळे ऐनवेळी पुढे ढकलावा लागला, तेव्हाही त्याच्या डॉक्टरांनी अधिकृत निवेदनात 'पेरिटिफ्लायटिस' असेच लिहिले.

माझ्या भाचीच्या डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅक्यूट अपेंडिसायटिस' असे लिहिले होते; घरात मात्र सगळे 'तिला अपेंडिक्स झालं' असेच सांगत होते. अपेंडिक्स जन्मापासूनच असते. झाला होता तो 'आयटिस'. मराठीतला 'आंत्रपुच्छदाह' हा भेद नीट दाखवतो: आंत्रपुच्छ हा अवयव, दाह हा विकार.