वाचकांचे प्रश्न: मठातली दारू, कुत्रा संत आणि कान्हेरीचा राजपुत्र

या वेळी मध्ययुगातल्या ख्रिस्ती मठांवर आणि संतांवर इतके प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकललेत. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न (नाशिक): सिनेमात ते टोपीचे झगे घातलेले साधू नुसते मेणबत्त्या घेऊन अंधारात फिरताना दिसतात. खरंच दिवसभर करायचे काय? आणि खायचे काय?

मेण महाग होतं हो, उगाच फिरायला कोण देणार! आता मठ काही एकाच छापाचे नव्हते. इजिप्तच्या वाळवंटात एकेकटे राहणारे वेगळे, आयर्लंडजवळ भर समुद्रात स्केलिग मायकलच्या खडकावर दगडी घुमट्यांत राहणारे वेगळे. पण पश्चिम युरोपात शेवटी ज्यांची सिस्टिम सगळीकडे चालली ते इटलीतले संत बेनेडिक्ट. साधारण ५२९च्या सुमारास यांनी रोमच्या दक्षिणेला मोंते कॅसिनोच्या डोंगरावर मठ काढला आणि मठ कसा चालवायचा याचं ७३ छोट्या छोट्या प्रकरणांचं नियमपुस्तक लिहिलं. (हाच तो डोंगर जिथे १९४४मध्ये महायुद्धाची भयंकर लढाई झाली, आपली चौथी भारतीय डिव्हिजनही तिथे लढली, आणि मठ बॉम्बिंगमध्ये जमीनदोस्त झाला. आत्ता दिसतो तो नंतर परत बांधलेला.)

टाइमटेबल असं की हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला उठायचं, म्हणजे आपल्या घड्याळात दोनच्या आसपास, आणि रात्रीची पहिली प्रार्थना. मग दिवसभरात अजून सात वेळा प्रार्थना, मधल्या वेळात शेतात नाहीतर मठात अंगमेहनतीचं काम आणि ठरलेले तास वाचन. बायबलातली १५० स्तोत्रं आठवड्यात पूर्ण म्हणून व्हायलाच हवीत, आणि ज्यांना हा क्रम पटत नसेल त्यांनी दुसरा लावावा, पण १५०ची गाडी चुकवायची नाही, असं बेनेडिक्ट स्वतःच लिहितात.

मला या पुस्तकात आवडतं ते हे की माणूस कसा असतो ते यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणजे रात्री दोनला लोक लेट येणार हे गृहीतच धरलंय, म्हणून नियम काय, तर सुरुवातीचं एक स्तोत्र मुद्दाम रेंगाळत म्हणा, तेवढ्यात मागचे येऊन पोचतील. तरी लेट झालाच तर त्याला बाहेर ठेवू नका, आत घ्या आणि सगळ्यांना दिसेल असा वेगळा उभा करा, कारण बाहेर ठेवलं तर एकतर परत जाऊन झोपेल नाहीतर बाहेर बसून गप्पा हाणेल. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलंय हे, आणि ज्यानं कुठलंही हॉस्टेल चालवलंय त्याला लगेच पटेल.

आता खाणं. दिवसाला माणशी एक पौंड पाव, शिजवलेले दोन पदार्थ, कारण एखाद्याला एक चालत नसेल तर दुसरा तरी खाईल, आणि फळं किंवा ताज्या भाज्या मिळाल्या तर तिसरा. उन्हाळ्यात बहुतेक दिवस दोन वेळा जेवण, सप्टेंबरच्या मध्यापासून मात्र एकदाच, तेही दुपार कलल्यावर, आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात थेट संध्याकाळी. चार पायांच्या प्राण्यांचं मांस बंद, फक्त फार अशक्त आजाऱ्याला चालेल. आता नियमात चार पाय म्हटलंय आणि कोंबडीला तर दोनच, मग पुढे शेकडो वर्षं यावर खल झाला नसता तरच नवल! जेवताना बोलायचं नाही, एकजण मोठ्यानं वाचणार आणि बाकीचे ऐकणार, मीठ हवं असेल तर खुणेनं मागायचं. स्वयंपाकाची पाळी आठवड्याला बदलायची, आणि पाळी संपलेल्यानं शनिवारी टॉवेल धुवायचे, सगळ्यांचे पाय धुवायचे, भांडी घासून पुसून कोठारवाल्याच्या ताब्यात द्यायची, त्यानं मोजून घ्यायची.

दारूचं तर मजेशीर आहे. बेनेडिक्ट म्हणतात, वाइन साधूंसाठी नाहीच असं आम्ही वाचलंय, पण हल्लीच्या साधूंना हे काही पटवून देता येत नाही, तेव्हा निदान पोटभर न पिता बेतानं पिऊ या. माणशी रोज एक ‘हेमिना’, म्हणजे साधारण पाव लिटर धरतात. हल्लीच्या पोरांची तक्रार सहाव्या शतकातही होतीच म्हणायची.

आणि एक गोष्ट जिच्यावर कुणी फारसं बोलत नाही. नवीन माणूस मठात यायला बघतो तेव्हा त्याला चार-पाच दिवस दारातच ताटकळत ठेवायचं, मग वर्षभर शिकाऊ म्हणून राहू द्यायचं, त्या काळात हे पूर्ण नियमपुस्तक त्याला तीनदा वाचून दाखवायचं, आणि प्रत्येक वेळी विचारायचं की झेपतंय का, नाहीतर जा बाबा. शेवटी शपथ घेतली की त्याचे अंगावरचे कपडे उतरवून मठाचे द्यायचे, पण जुने टाकायचे नाहीत, कपड्यांच्या खोलीत जपून ठेवायचे, कारण उद्या सैतानाच्या नादाला लागून निघालाच तर मठाचे कपडे काढून घेऊन त्याचेच त्याला परत देता यावेत. शपथ आयुष्यभराची, तरी कपडे जपून ठेवलेले, काय म्हणावं!

प्रश्न (पुणे): बेनेडिक्टचे साधू आणि फ्रान्सिसचे साधू एकच का?

नाही. बेनेडिक्टवाले एका मठाला बांधलेले, जमीनजुमला मठाचा, बाहेर पडणं कमी. फ्रान्सिसवाले १३व्या शतकातले, शहरात फिरून उपदेश करणारे, भिक्षेवर जगणारे, आणि सुरुवातीला तर मठाच्या नावानंही मालमत्ता नको म्हणणारे. सोळाव्या शतकात वसई-साष्टीकडे आले ते हे दुसरे, बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याशेजारी जे पडकं बांधकाम दिसतं ते त्यांचंच.

प्रश्न (कोल्हापूर): ग्रीक-रोमन पुस्तकं या मठांनी वाचवली म्हणतात, खरं का?

बरीचशी खरं. आठव्या-नवव्या शतकात पश्चिम युरोपचा बादशहा शार्लमेन याच्या राज्यातल्या मठांत नकला करायचं जे काम झालं ते झालं नसतं तर लॅटिनमधलं फार थोडं आपल्यापर्यंत आलं असतं. पण उलटंही आहे. पुस्तकं तेव्हा कातड्यावर लिहायचे, कातडं महाग, मग जुनं पुस्तक खरवडायचं आणि वरून नवीन लिहायचं. आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातली नक्कल अशीच १२२९मध्ये खरवडून तिच्यावर प्रार्थनापुस्तक लिहिलं गेलं, ते कुणाच्या लक्षात आलं थेट १९०६मध्ये. आता गंमत अशी की प्रार्थनापुस्तक झालं म्हणूनच ते कातडं इतकी वर्षं कुणी फेकलं नाही. मग त्या साधूला शिव्या द्यायच्या की आभार मानायचे, माझं अजून ठरत नाहीये.

प्रश्न (ठाणे): सगळीकडे पुरुषच. बायकांचे मठ होते ना? त्यांना काही अधिकार होता की नुसतं ऐकायचं?

होते, भरपूर होते, आणि कोण चालवतंय त्यावर सगळं अवलंबून असायचं. एकच उदाहरण नीट सांगते, जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातली हिल्डेगार्ड. जन्म १०९८, सरदार घराण्यातली मुलगी, लहानपणीच देवाला वाहिलेली. पुरुषांच्या मठाला लागून बायकांची छोटी बंदिस्त जागा होती तिथे वाढली, ११३६मध्ये तिथल्या बायकांची प्रमुख झाली. पुढे तिला वाटलं आपला स्वतंत्र मठ हवा. मठाधिपती सोडायला तयार नाही, कारण तिच्या नावामुळे लोक येणार, देणग्या येणार. तर बाई अंथरुणाला खिळली, हलता येईना, आणि म्हणाली देवाची आज्ञा पाळली जात नाही म्हणून हे होतंय. शेवटी मठाधिपतीनं स्वतः येऊन बघितलं आणि हो म्हटलं, मग बाई उठली. खरं आजारपण की काय ते तुम्हीच ठरवा, मला तर तिचं कौतुकच वाटतं. ११५०च्या सुमारास बिंगनजवळ रुपर्ट्सबर्गला तिचा मठ झाला. तिथे तिनं गाणी रचली, औषधी वनस्पतींवर लिहिलं, पोपला आणि बादशहाला पत्रं लिहून चार शब्द सुनावले.

पण खरी कमाल ११७८ची, तेव्हा ती ऐंशीची होती. एका सरदाराला तिनं मठाच्या दफनभूमीत पुरू दिलं. माइन्सच्या चर्चवाल्यांचं म्हणणं, हा चर्चनं बहिष्कृत केलेला माणूस, उकरून बाहेर काढा. हिचं म्हणणं, मरायच्या आधी त्यानं कन्फेशन केलं होतं, सगळे संस्कार झालेत, मी काढणार नाही. सांगतात की कबर ओळखू येऊ नये म्हणून तिनं आपल्या काठीनं वरच्या खुणाच मिटवून टाकल्या. मग शिक्षा आली: मिस्सा म्हणजे चर्चची मुख्य उपासना बंद, कम्युनियन म्हणजे तिच्यातला पावाचा प्रसाद बंद, आणि गाणं बंद, प्रार्थना दारं लावून हळू आवाजात नुसत्या वाचायच्या. ज्या बाईनं आयुष्यभर गाणी रचली तिच्या मठात गाणं बंद! हुकूम पाळला तिनं, पण पत्र लिहिलं, आणि त्यात स्पष्ट म्हटलं की जे पृथ्वीवर देवाचं गाणं विनाकारण बंद करतात त्यांना स्वर्गातल्या देवदूतांच्या गाण्यात जागा मिळणार नाही. बिशपच्या माणसांना असं लिहायला काळीज लागतं. ११७९च्या मार्चमध्ये बंदी उठली, सप्टेंबरमध्ये ती गेली. आणि रोमनं अधिकृतपणे तिला संतांत घेतलं कधी, तर २०१२मध्ये. लोक तिला संत म्हणतच होते, कागद आठशे तेहतीस वर्षांनी आला.

प्रश्न (आळंदी): ज्ञानोबा-तुकोबांना कुणी संत म्हणून जाहीर केलं नाही, लोकांनीच मानलं. ख्रिस्ती संतांना सर्टिफिकेट का लागतं?

सुरुवातीला तिकडेही लागत नव्हतं. एखादा माणूस गेला, लोक त्याच्या कबरीवर जायला लागले, नवस बोलायला लागले, स्थानिक बिशपनं मान डोलावली की झाला संत. पोपनं रीतसर जाहीर केल्याची पहिली नोंद म्हणतात ती ९९३ची, आउग्सबुर्गचे बिशप उलरिख यांची. मग हळूहळू साक्षी-पुरावे, चमत्कारांची चौकशी वगैरे वाढत गेलं आणि १२३४मध्ये पोप नववे ग्रेगरी यांच्या कायदासंग्रहात आलं की हा अधिकार फक्त पोपचा. तरी लोकांचा जोर असला की ऑफिसही पळायचं. पाद्वाचे संत अँथनी, ज्यांना आपल्याकडे गोव्यात सांत आंतोन म्हणतात, ते १२३१च्या जूनमध्ये वारले आणि १२३२च्या मेमध्ये संत, वर्षसुद्धा झालं नव्हतं. उलट आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया, १५९७मध्ये जपानात नागासाकीला क्रुसावर मारले गेले, आणि संत जाहीर झाले १८६२मध्ये.

आणि लोकांनी केलेला पण ऑफिसनं कधीच न मानलेला संत बघायचा असेल तर फ्रान्समधल्या लियोंजवळ जा. १३व्या शतकात एतिएन द बूर्बाँ नावाचा डोमिनिकन पंथाचा साधू इन्क्विझिटर म्हणून, म्हणजे चर्चला न पटणाऱ्या समजुती शोधून काढणारा चौकशी अधिकारी म्हणून, तिकडे फिरत होता. बायका त्याला सांगायला लागल्या की आम्ही आजारी लेकरं संत गिनफोर्कडे नेतो. याला वाटलं असेल कुणी साधूबिधू, चौकशी केली तर निघाला ग्रेहाउंड कुत्रा! गोष्ट अशी की सरदार बाहेर गेलेला, पाळण्यात बाळ, मोठा साप आला, कुत्र्यानं लढून त्याला मारलं, आणि सरदार येऊन बघतो तर पाळणा उलटा आणि कुत्र्याचं तोंड रक्तानं माखलेलं. घातली तलवार. मग बाळ खाली सुखरूप झोपलेलं आणि शेजारी मेलेला साप दिसला. ओळखीची वाटली ना? पंचतंत्रातलं ब्राह्मणाचं मुंगूस आहे हे, हजारो मैल चालत गेलेलं. इन्क्विझिटरनं कुत्र्याची हाडं उकरली, आजूबाजूची झाडं तोडली, सगळं एकत्र जाळलं. आणि बायका? पुढची सहाशे वर्षं येतच राहिल्या, १९व्या शतकातही त्या जंगलात लेकरांसाठी जाणाऱ्यांच्या नोंदी आहेत.

प्रश्न (बोरिवली): गौतम बुद्ध ख्रिस्ती संत होते असा एक फॉरवर्ड आलाय. थाप आहे ना?

थाप नाही, पण फॉरवर्डमध्ये असेल तसंही नाही. बुद्धाच्या चरित्राची गोष्ट, म्हणजे राजपुत्र, दुःख दिसू नये म्हणून बापानं महालात कोंडलेला, मग त्यानं आजारी, म्हातारा, मेलेला बघितला आणि सगळं सोडलं, ही पश्चिमेकडे भाषा बदलत बदलत गेली, अरबीतून जॉर्जियनमध्ये आणि ११व्या शतकात एका साधूच्या हातून ग्रीकमध्ये. तोपर्यंत तिचा राजपुत्र ख्रिस्ती झाला होता, त्याचं नाव जोसाफात, त्याला शिकवणारा साधू बारलाम. मग लॅटिन, फ्रेंच, जर्मन, सगळ्या युरोपभर ती वाचली गेली, आणि १६व्या शतकात रोमच्या अधिकृत संतयादीत दोघांना २७ नोव्हेंबर हा दिवससुद्धा मिळाला. बुद्धाला कुणी ओळखून संत केलं नाही, गोष्टच संत होऊन बसली.

आता तुम्ही बोरिवलीचे म्हणून खास. गोव्यात राहणारा पोर्तुगीज इतिहासकार दिओगो द कोतो, १६व्या शतकातला, यानं बुद्धाची गोष्ट ऐकली आणि त्याला जोसाफातची आठवण झाली. तो लिहितो की साष्टी बेटावर डोंगरात कोरलेलं कान्हेरीचं लेणं बघायला गेलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, हे कुणी केलं असेल? तर म्हातारा म्हणाला, यात शंकाच नाही, संत जोसाफातच्या बापानं केलं, पोराला जगापासून लांब वाढवायला. म्हणजे बुद्धाचीच गोष्ट, युरोप फिरून, ख्रिस्ती होऊन, पोर्तुगीजांबरोबर परत येऊन खऱ्याखुऱ्या बौद्ध विहारांना चिकटली. तेव्हा फॉरवर्ड पाठवणाऱ्याला कळवा की गोष्ट खरी आहे, आणि तिचा एक पुरावा तुमच्या नॅशनल पार्कात आहे.