विचारा, सांगतो : दुबईचा प्लेअर आणि जत्रेतल्या नाटकाची डिस्क

प्रश्न : माझा टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा. परवा नवा ब्लू-रे प्लेअर आणला, तर त्याच्या मागे लाल-पांढरी-पिवळी वायर लावायची जागाच नाही. दुकानदाराने फसवले का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही हो. ब्लू-रेवरच्या चित्रांची चोरी होऊ नये म्हणून कंपन्यांचा जो करार आहे, त्यानुसार २०१३ संपल्यानंतर बनलेल्या प्लेअरमधून चित्र फक्त एचडीएमआय या नव्या टीव्हींच्या वायरने बाहेर पडते. मध्ये लावायची कन्व्हर्टरची डबी मिळते, पण ब्लू-रेची सगळी बारकाई त्या ट्यूबवर वाया जाणार. प्लेअर परत घेत असतील तर द्या आणि साधा डीव्हीडी प्लेअर घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, साखळीला राहते. भाचा दुबईची नोकरी सोडून परतला, तेव्हा त्याने त्याचा २०११ सालचा, इंटरनेट लागणारा ब्लू-रे प्लेअर मला दिला. त्याची पिन जाड चौकोनी पायांची, आमच्या प्लगमध्ये जात नाही. शेजारच्या मुलाने काहीतरी लावून दिले आहे. वाय-फायचे नाव कधी दिसते, कधी नाही. यूट्यूबचे चित्र दाबले की चूक दाखवतो. मुलाने अमेरिकेहून आणलेली ब्लू-रे घातली तर 'प्रदेश चुकीचा' म्हणतो. आणि मुख्य गोष्ट : २००८च्या जत्रेत गावच्या नाटकात ह्यांनी काम केले होते, त्याची डीव्हीडी आहे. ती घातली की थोडी फिरते आणि 'डिस्क नाही' असे येते. ह्यांना जाऊन चार वर्षे झाली. एका दुरुस्तीवाल्याने प्लेअर भंगारात द्यायला सांगितले. देऊ का?
– एक वाचक, साखळी

उत्तर : बाई, देऊ नका. तुमच्या पाच तक्रारींपैकी चारांत त्या प्लेअरचा काहीच दोष नाही.

आधी पिन. 'काहीतरी लावून' हे वाचून मला धडकी भरली. दुबईला वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची, म्हणून ट्रान्सफॉर्मर लागत नाही. फक्त पिन ब्रिटिश पद्धतीची असते. प्लेअरच्या मागे वायर जिथे घुसते तिथे इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे भोक असेल, तर आख्खी वायरच आपल्या पिनेची बदलून घ्या. रेडिओला लागते तीच.

आता इंटरनेट. तुमचे घर चिऱ्याचे असणार. एक-सव्वा फूट जाडीच्या दोन भिंती मध्ये आल्या की वाय-फाय कसे अडखळते ते मी माझ्याच घरी भोगतो आहे. शिवाय त्या काळचे बहुतेक प्लेअर वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या जुन्या पट्ट्यावरच चालत, आणि पासवर्डची अगदी नवी पद्धत त्यांना कळत नाही. राउटरवर २.४ सुरू आणि सुरक्षा 'डब्ल्यूपीए२' ठेवा. त्याहून सोपे म्हणजे राउटरपासून प्लेअरपर्यंत लॅनची, म्हणजे इंटरनेटची केबल ओढा. मागे लॅनचे भोक असेल तर केबल लावली की बहुतेक वेळा काही भरावे लागत नाही. आणि हो, प्लेअरमधली तारीख बघा. घड्याळ २०११वर अडकले असेल, तर प्लेअर पलीकडच्या सर्व्हरच्या ओळखपत्रावर विश्वास ठेवत नाही.

एवढे करूनही यूट्यूब लागणार नाही, म्हणून तो नाद सोडा. ज्या जुन्या वाटेने हे प्लेअर यूट्यूबशी बोलत, ती गुगलने २०१५च्या एप्रिलमध्ये बंद केली, आणि त्या पिढीचे कितीतरी टीव्ही आणि प्लेअर एकदम मुके झाले. यूट्यूबसाठी टीव्हीत नेटवरची चित्रे दाखवणारी काठी (स्ट्रीमिंग स्टिक) खोचा, स्वस्तात काम होते. प्लेअरला नेट हवे ते एकदाच, सॉफ्टवेअर अद्ययावत करायला. नव्या ब्लू-रे डिस्कवर कुलपाच्या नव्या किल्ल्या असतात, जुन्या सॉफ्टवेअरला त्या ओळखता येत नाहीत. हे काम पावसाळ्यात इन्व्हर्टरशिवाय करू नका. एका जूनमध्ये माझा स्वतःचा प्लेअर अर्ध्यावर असताना वीज गेली. वीज आली, प्लेअर आला नाही. अजून माझ्या फोंड्याच्या दुकानात फळीवर आहे, त्याच्यावर मी स्क्रू ठेवतो.

अमेरिकेच्या डिस्कचे म्हणाल तर ते गोत्राचे भांडण आहे. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केले आहेत : अमेरिका 'ए', दुबई 'बी', आपण 'सी'. डीव्हीडीचे आकडे वेगळे, दुबई २ आणि भारत ५. डबीच्या मागे षटकोनात अक्षर छापलेले असते, ते बघूनच मागवायला सांगा. तिन्ही अक्षरे असतील तर बिनधास्त. डीव्हीडीचा प्रदेश काही प्लेअरांत रिमोटवरच्या ठरावीक कळा दाबून बदलतो, ब्लू-रेचा सहसा नाही. मुलाची ती डिस्क भारतात घेतलेल्या प्लेअरवरही चालली नसती, तेव्हा भाच्याला बोल लावू नका.

आता तुमची खरी डिस्क. घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीला प्रदेश वगैरे काही नसते. मला दोनच शंका आहेत.

पहिली बुरशीची. आपल्याकडच्या दमट हवेत कपाटातल्या डिस्कवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. डिस्क उजेडात तिरकी धरा. नक्षी दिसली तर कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा वाचताना प्लेअरला जास्त त्रास देतो. वर ज्या बाजूला नाव लिहिले आहे ती बाजू घासू नका.

दुसरी शंका मला जास्त पटते. डिस्क अशीच तिरकी धरलीत की आतून बाहेर एक पट्टा रंगाने जरा वेगळा दिसेल. तिथे नाटक आहे. पट्टा असूनही प्लेअर 'डिस्क नाही' म्हणतो, म्हणजे रेकॉर्डिंग करणाऱ्याने शेवटी 'फायनलाइझ' केलेच नसावे. पुस्तक छापले पण अनुक्रमणिका जोडायची राहिली, तसे. त्या दिवसांत जत्रेत पहाटेपर्यंत नाटक चाले, कॅमेरावाला पेंगुळलेला, आणि ती शेवटची पायरी राहून जाई. माझ्याकडे अशा डिस्क बऱ्याच येतात. ज्या रेकॉर्डरवर ती झाली तो गावात कोणाकडे अजून असेल तर दहा-पंधरा मिनिटांत काम होईल. नसेल तर संगणकाचा डीव्हीडी ड्राइव्ह अशी डिस्क पुष्कळदा वाचतो, आणि त्यातून चित्रफीत बाहेर काढता येते.

डिस्क प्लेअरमध्ये पुन्हा पुन्हा घालून बघू नका. कागदी पाकिटात न ठेवता कडक डबीत ठेवा आणि फोंड्याला या. मी आधी तिची प्रत काढीन, मग पेन ड्राइव्हवर एमपी४ करून देईन, ती तुमच्या टीव्हीवरही थेट लागेल. बुधवारी दुकान बंद असते. येताना ह्यांनी कुठली भूमिका केली होती ते सांगा, म्हणजे तेवढा भाग नीट आला की नाही ते मला तपासता येईल.