गोगोमोबिलचे इंजिन २५० सीसीचेच का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत निघालेल्या 'गोगोमोबिल' या छोट्या मोटारीचे इंजिन केवळ २५० सीसीचे होते, असे वाचनात आले. चार आसनांच्या मोटारीला मोटारसायकलीएवढे इंजिन का बसवले असावे? आणि ही मोटार बंद का झाली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : या इंजिनाचा आकार ठरला तो मुख्यतः वाहन परवान्याच्या नियमामुळे. त्या काळी पश्चिम जर्मनीत चौथ्या वर्गाचा जुना परवाना ज्यांच्यापाशी होता, त्यांना २५० सीसीपर्यंतची चारचाकीही चालवता येत असे. ऊनपाऊस आणि हिमवर्षाव सोसत दुचाकीवर कामाला जाणाऱ्या अशा असंख्य लोकांना नवी परीक्षा न देता डोक्यावर छप्पर मिळावे, हा हिशेब त्या आकड्यामागे होता. बीएमडब्ल्यूची 'इझेटा' १९५५ मध्ये आली, तिचेही इंजिन याच मर्यादेत होते. मात्र तिचे एकुलते दार समोरून उघडे आणि आत दोघांचीच सोय असे.

गोगोमोबिल मात्र आकाराने लहान असली तरी रीतसर मोटार होती आणि हेच तिचे खरे मोठेपण होय, असे आम्हांला वाटते. बव्हेरियातील डिंगोल्फिंग या गावी हान्स ग्लास यांचा पेरणीयंत्रे बनवण्याचा कारखाना होता. १९५१ मध्ये त्यांनी स्कूटर काढली आणि तिला नातवाचे लाडाचे नाव दिले, 'गोगो'. त्यानंतर कार्ल डोम्पर्ट या अभियंत्याच्या आखणीतून ही मोटार साकारली व १९५५ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. सुमारे तीन मीटर लांबी, दोन दारे, चार आसने आणि मागच्या बाजूला हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरांचे, सुमारे साडेतेरा अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक इंजिन, असा तिचा थाट होता. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून स्कूटर चालवलेल्या आपल्याकडील वाचकांना त्या इंजिनाचा आवाज आणि धूर वेगळा सांगायला नको. पुढे ३०० आणि ४०० सीसीची इंजिनेही आली, तरी २५० सीसीची मोटार अखेरपर्यंत बनत राहिली. कूपे (उतरत्या छपराच्या, ऐटदार मोटारी) आणि मालवाहू गाड्या धरून एकूण सुमारे २,८०,००० गोगोमोबिल तयार झाल्या.

लोकांचे उत्पन्न वाढले, तशी त्यांची नजर फोक्सवॅगनसारख्या मोठ्या गाड्यांकडे वळली आणि जुने परवानाधारकही कमी होत गेले. ग्लास यांनीही मोठ्या मोटारी काढल्या. आज असंख्य इंजिनांत असणारा, झडपांची उघडझाप वेळेवर राखणारा दातेरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट मालिका-उत्पादनातील मोटारीत प्रथम आला, तो १९६२ च्या 'ग्लास १००४' मध्ये. परंतु एवढा व्याप त्या कौटुंबिक कारखान्याच्या आर्थिक ताकदीबाहेरचा ठरला आणि १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने तो विकत घेतला. ग्लास यांच्या मोठ्या मोटारी त्यानंतर लवकरच थांबल्या. गोगोमोबिल मात्र जून १९६९ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती.