ऑस्करच्या पैजेत पाचवी जागा कुणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कॉलेज रोडच्या तुमच्या मित्रमंडळात दरवर्षी ऑस्करच्या अंदाजांची पैज लागते, हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खाऊ घालायची. मंडळात सर्वांत जास्त चित्रपट तुम्ही पाहता, तरी अभिनयाच्या चार गटांत (मुख्य आणि सहायक, अभिनेता आणि अभिनेत्री) तुमचेच अंदाज कोसळतात. त्यात बरेच चित्रपट नाशिकला लागतच नाहीत, ओटीटीवर उशिरा येतात, म्हणून मुंबई-पुण्याच्या मानाने आपण मागे पडतो अशी तक्रार. आणि शेवटी, हेच गणित आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना लावता येईल का?

नाशिकची तक्रार आधी निकालात काढतो. चित्रपट न पाहिल्याने अंदाज फारसे बिघडत नाहीत. पाहिल्याने मात्र हमखास बिघडतात. एखादी भूमिका आपल्या मनात घर करून बसली की आपण अंदाज करत नाही, वकिली करतो. तुम्ही प्रश्नात दिलेली तुमची २०२५ ची यादी मी नीट वाचली. मुख्य अभिनेत्रीच्या गटात डेमी मूरच्या नावापुढे तुम्ही लिहिलंय, ‘काय काम केलंय!’ काम केलंच आहे, वाद नाही. पण ते काम कुणी, किती जणांनी आणि कोणत्या पद्धतीने मोजलं, याबद्दल यादीत एक अक्षर नाही. अंदाज त्याचा करायचा असतो.

नामांकनं कशी ठरतात इथून सुरुवात करू, कारण सगळी गंमत तिथे आहे आणि लोक नेमकं तेच सोडून देतात. अभिनयाची नामांकनं अकादमीतले, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेतले, फक्त नट-नट्या ठरवतात. ही शाखा तेराशेच्या आसपास सदस्यांची. मतपत्रिकेवर पाच नावं पसंतीक्रमाने लिहायची. आता आपल्याकडची पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची मतमोजणी आठवा, रात्र उलटून गेली तरी निकाल लागत नाही ती. कोटा, पहिल्या पसंतीची मतं, तळाचा उमेदवार बाद, त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे. बारकावे वेगळे आहेत, पण गाभा तोच. समजा १२०० मतपत्रिका आल्या. जागा पाच, म्हणून कोटा एकूण मतांच्या एक षष्ठांशापेक्षा एक जास्त, म्हणजे २०१. तेवढी मतं जमली की नामांकन पक्कं.

यातून काय निघतं ते बघा. हजार मतपत्रिकांवर चौथ्या क्रमांकावर नाव असलेला नट पहिल्याच फेऱ्यांत बाद होऊ शकतो. दोन-सव्वादोनशे वेड्या चाहत्यांनी पहिल्या क्रमांकावर लिहिलेली नटी मात्र सुखरूप आत जाते. ‘सगळ्यांना आवडली’ हे नामांकनासाठी पुरेसं नसतं. ‘काही जणांना तिच्याशिवाय दुसरं कुणी सुचतच नाही’ हे लागतं.

२०२३ मध्ये आन्द्रिया राइझबरोचं नाव ‘टू लेस्ली’साठी जाहीर झालं तेव्हा सगळे थक्क झाले होते. चित्रपटाची तिकीटबारीवरची कमाई सुमारे २७ हजार डॉलर, म्हणजे जवळजवळ कुणी पाहिलाच नव्हता. पण नटमंडळींनी एकमेकांना फोन केले, ईमेल पाठवले, घरी खेळ ठेवले, नामवंत तारे-तारकांनी जाहीर कौतुक केलं. प्रचाराच्या पद्धतीवरून अकादमीने चौकशीही केली, पण नामांकन कायम राहिलं. कोट्याचं गणित माहीत असणाऱ्याला यात चमत्कार दिसणार नाही. दोनेकशे लोक पटवायचे होते, तेवढे पटले.

आता पाचवी जागा. साधारणपणे चार नावं कुणालाही सांगता येतात: ऑस्करच्या आधी होणारे गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, बाफ्टा (ब्रिटिश अकादमीचे पुरस्कार) आणि सॅग (अमेरिकी नटसंघटनेचे; याचं नाव आता ‘ॲक्टर अवॉर्ड्स’ झालंय) या चारही ठिकाणी जी नावं आली, ती लिहून टाकायची. पैज जिंकली किंवा हरली जाते ती उरलेल्या एका जागेवर. इथे सॅगची यादी जशीच्या तशी उतरवणारे फसतात. सॅगची नामांकनं ठरवणारी समिती म्हणजे सदस्यांतून निवडलेले सुमारे अडीच हजार लोक, त्यात टीव्हीत काम करणारे भरपूर आणि संघटना अमेरिकन. अकादमीच्या अभिनय शाखेत मात्र गेल्या दहा वर्षांत परदेशी नट-नट्या मोठ्या संख्येने आले.

परिणाम मुख्य अभिनेत्रींच्या गटात स्वच्छ दिसतो. २०२२ मध्ये सॅगच्या यादीतल्या लेडी गागा आणि जेनिफर हडसन गळाल्या, आणि आत आल्या पेनेलोपे क्रूझ (स्पॅनिश चित्रपट) व क्रिस्टन स्टुअर्ट. २०२४ मध्ये सॅगच्या पाचांपैकी मार्गो रॉबी गळाली, आत आली सँड्रा ह्युलर, तिचा चित्रपट फ्रेंच. २०२५ मध्ये पामेला अँडरसन गळाली, आत आली ब्राझीलची फर्नांडा टोरेस, जिचं नाव सॅगमध्ये नव्हतं, बाफ्टातही नव्हतं. क्रूझ, ह्युलर, टोरेस: तिघींचे चित्रपट हॉलिवूडबाहेरचे, आणि सॅगने तिघींनाही वगळलेलं. तेव्हा सॅगच्या यादीतलं सर्वांत डळमळीत नाव खोडून तिथे युरोप किंवा दक्षिण अमेरिकेतल्या चित्रपटातली, समीक्षकांनी उचलून धरलेली अभिनेत्री लिहा. दरवर्षी बसेल असं नाही (२०२३ मध्ये बसलं नसतं), पण डोळे मिटून सॅगची नक्कल करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मुख्य की सहायक, हा दुसरा सापळा. स्टुडिओ प्रचार एका गटात करतो, पण अंतिम शब्द मतदारांचा. केट विन्स्लेटला ‘द रीडर’साठी गोल्डन ग्लोब आणि सॅग दोन्ही सहायक अभिनेत्री म्हणून मिळाले होते. ऑस्करने तिला मुख्य गटात नामांकन दिलं आणि २००९ मध्ये तिथेच जिंकवलं. २०२१ मध्ये लाकीथ स्टॅनफील्डचा प्रचार मुख्य अभिनेता म्हणून चालला होता. नाव आलं सहायक गटात, त्याच चित्रपटातल्या डॅनियल कलुयाच्या शेजारी. ‘आता दोघांची मतं फुटणार’ असं तेव्हा बरेच जण म्हणाले. कलुया आरामात जिंकला. सॅम रॉकवेलच्या वेळी वुडी हॅरलसन होता, जेमी ली कर्टिसच्या वेळी स्टेफनी शू होती, तरी दोघं जिंकले. मतं फुटण्याची भीती राजकारणातून उचललेली आहे, इथे तिला फार किंमत देऊ नका.

नामांकनं जाहीर झाली की पहिलं गणित फाडून टाकायचं. अंतिम फेरीत पसंतीक्रम नाही. तो फक्त सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी. अभिनयात एक सदस्य, एक मत, ज्याला जास्त तो विजयी. आणि मत देतात सगळे: छायालेखक, संकलक, ध्वनिवाले, वेशभूषाकार, निर्माते, प्रसिद्धीवाले, मिळून दहा हजारांच्या आसपास. त्यात नट-नट्या सातातला एकही भरत नाही. म्हणून ज्या चित्रपटावर सगळ्या शाखांचं प्रेम आहे त्यातल्या कलाकाराला वारं मिळतं.

२०२४ मध्ये लिली ग्लॅडस्टोनकडे सॅग होतं, गोल्डन ग्लोब होतं. पण तिचा ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ दहा नामांकनं घेऊन रिकाम्या हाती परतला. एमा स्टोनच्या ‘पुअर थिंग्ज’ने तिच्या पुरस्कारासह चार नेले. २०२५ मध्ये डेमी मूरने गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस आणि सॅग जिंकले, मायकी मॅडिसनकडे मोठ्यांपैकी फक्त बाफ्टा. पण ‘अनोरा’ त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि मॅडिसन जिंकली. तुमचा चुकलेला अंदाज तो हाच.

अभिनेत्यांच्या बाबतीत हा नियम जास्त कडक आहे. २०१० मध्ये जेफ ब्रिजेस जिंकला, त्याच्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन नव्हतं. त्यानंतर असं थेट २०२३ मध्ये झालं, ब्रेंडन फ्रेझरच्या वेळी. अभिनेत्रींमध्ये मात्र केट ब्लँचेट (२०१४), ज्युलियन मूर (२०१५), रेने झेल्वेगर (२०२०), जेसिका चॅस्टेन (२०२२) या सगळ्या चित्रपटाला तसं नामांकन नसताना जिंकल्या. का, यावर बायकांच्या भूमिकांभोवतीचे चित्रपट मुख्य शर्यतीत मोजलेच जात नव्हते, असं माझं मत. कुणाला वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा.

बाफ्टाकडे थोडं जास्त लक्ष द्या, असं मी कधीपासून सांगतोय. २०१९ मध्ये ग्लेन क्लोजचं नाव सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. बाफ्टा ऑलिव्हिया कोलमनला मिळालं, ऑस्करही तिलाच. २०२१ चा प्रकार तर विसरण्यासारखा नाही. चॅडविक बोसमनच्या निधनानंतर गोल्डन ग्लोब, क्रिटिक्स चॉइस, सॅग सगळं त्याच्या नावावर झालं होतं. समारंभात नेहमीचा क्रम मोडून मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार अगदी शेवटी ठेवला. पाकीट उघडलं तर आत अँथनी हॉपकिन्स, आणि तो हजरही नव्हता. बाफ्टा त्यानेच जिंकलं होतं. दोन्हीकडे मत असणारे सदस्य बरेच आहेत, आणि अमेरिकेबाहेरच्या मतदारांचा कल तिथे आधी कळतो.

म्हणून बाफ्टा डोळे झाकून उतरवायचं का? नाही. बाफ्टाने २०२१ पासून नामांकनात परीक्षक मंडळाला मोठा वाटा दिला. त्यामुळे २०२२ मध्ये जेसिका चॅस्टेन तिथे यादीतही नव्हती आणि ऑस्कर तिनेच नेलं. पहिला प्रश्न हा विचारायचा: ऑस्करच्या शर्यतीतले प्रमुख स्पर्धक बाफ्टात समोरासमोर होते का? होते, तर तो निकाल महत्त्वाचा. नव्हते, तर त्या वर्षीपुरतं बाफ्टा बाजूला ठेवा.

तारखांची वहीही ठेवा. २०२५ मध्ये ऑस्करचं अंतिम मतदान १८ फेब्रुवारीला संपलं. बाफ्टा १६ ला झालं, सॅग २३ ला. म्हणजे तिमथी शालमेने मुख्य अभिनेत्याचं सॅग जिंकून केलेलं भाषण एकाही ऑस्कर मतदाराचं मत बदलू शकत नव्हतं. पेट्या बंद झाल्या होत्या. तरी त्या रात्री तुमच्या मंडळात चारजणांनी एड्रियन ब्रोडी खोडून शालमे लिहिला, असं तुम्हीच सांगता. सॅगचा निकाल कल दाखवतो, कल घडवतो असं नाही. याउलट जानेवारीच्या सुरुवातीचं गोल्डन ग्लोबचं भाषण नामांकनाचं मतदान सुरू होण्याच्या तोंडावर कानावर पडतं, त्याचं वजन जास्त.

सहायक गटांत एवढं डोकं खपवू नका. २०२४ मध्ये रॉबर्ट डाउनी ज्युनियर आणि डेवाइन जॉय रँडॉल्फ, २०२५ मध्ये कीरन कल्किन आणि झोई सल्डान्या, चौघांनी वाटेतले चारही मोठे पुरस्कार गोळा केले आणि ऑस्करही. चारही एकाकडे असतील तर नाव लिहून मोकळं व्हा. वेगळेपणा दाखवायला तिथे उलटा डाव टाकणारा मिसळीचं बिल भरतो.

एक बदल लक्षात ठेवा. २०२६ च्या समारंभापासून अंतिम फेरीत मत देणाऱ्याला त्या गटातले सगळे नामांकित चित्रपट पाहिल्याचं अकादमीला दाखवावं लागतं. न पाहता मोठ्या नावाला मत टाकणारे यामुळे कमी होतील आणि छोट्या चित्रपटातल्या कलाकाराला थोडा फायदा होईल असं मला वाटतं, पण त्यावर लगेच पैसे लावू नका.

राहिले राष्ट्रीय पुरस्कार. तिथे यातलं काहीच चालत नाही. जाहीर नामांकनं नाहीत, वाटेतले पुरस्कार नाहीत, हजारो मतदार नाहीत. बंद खोलीत मोजके परीक्षक बसतात, आधी विभागवार आणि मग केंद्रीय मंडळ, आणि चर्चा करून ठरवतात. राज्य नाट्य स्पर्धेचे निकाल ऐकायला तुम्ही कधी बसला असाल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. प्रेक्षागृहात ज्याच्यावर टाळ्या पडल्या त्याचं नाव नुसत्या प्रमाणपत्रात, आणि मागच्या रांगेतल्या मुलाला रौप्यपदक. मंडळ चर्चेने ठरवतं म्हणून वाटणीही होते. विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी पुरस्कार मिळाला तो इरफान खानसोबत विभागून. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एकाहत्तराव्या पुरस्कारांत शाहरुख खान आणि विक्रांत मॅस्सी दोघेही सर्वोत्कृष्ट अभिनेता.

तरी तुमच्या मित्रमंडळाने हट्ट धरलाच तर पैज बालकलाकारांच्या पुरस्कारावर लावा. एकाहत्तराव्या पुरस्कारांत तो विभागून पाच जणांना मिळाला. त्यातले चार मराठी चित्रपटांतले: ‘नाळ २’मधले त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’तला कबीर खंदारे. श्रीनिवासला तर पहिल्या ‘नाळ’साठीही मिळाला होता. त्या गटात निदान एक मराठी नाव लिहिणं ही मला सर्वांत कमी धोक्याची चाल वाटते.

पुढच्या हंगामासाठी एवढंच करा. नामांकनं आपल्याकडे संध्याकाळी सातला जाहीर होतात, त्याआधी पहिली यादी मंडळात जमा. अंतिम यादी ऑस्करचं मतदान संपेल त्या दिवशी, नंतर खाडाखोड बंद. समारंभ पहाटे साडेचारला सुरू होतो आणि अभिनयाचे मोठे निकाल अगदी शेवटी लागतात, तेव्हा सोमवारची रजा आधीच टाकून ठेवा.