पुरंजनाच्या नगरीत शिरताना

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. ग्रंथ अंतर्मनाचं रूपक म्हणून वाचायचा आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलंस. गीतेपासून करू नकोस. तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटलं आहे. तेवढ्या आधारावर कौरव म्हणजे शंभर वासना असं जुळवत गेलं की काहीही कशालाही जुळू लागतं, आणि आपलंच मन आपण ग्रंथाच्या तोंडी घालतो.

भागवताच्या चौथ्या स्कंधातलं पुरंजनाख्यान, म्हणजे पुरंजन राजाची गोष्ट, घे. नारद प्राचीनबर्ही राजाला आधी गोष्ट सांगतात आणि मग स्वतःच ती उलगडतात, त्यामुळे तुझा अर्थ तपासायची सोय ग्रंथातच आहे. अध्याय 25 ते 28 ही गोष्ट, 29 हा उलगडा. तो आधी उघडू नकोस. रोज एकच अध्याय वाच. वहीत दोन रकाने कर: डावीकडे गोष्टीतली वस्तू, उजवीकडे तुला सुचलेला अर्थ, पेन्सिलीनं.

पुरंजनाच्या नगरीला नऊ दरवाजे आहेत. ही शरीराची नऊ द्वारं, हे लगेच कळतं आणि नवखा वाचक खूश होऊन पुढे सरकतो. तिथे थांब. पाच दरवाजे पूर्वेला, एक दक्षिणेला, एक उत्तरेला, दोन पश्चिमेला. पूर्वेकडे तोंड करून बसलं की डोळे, नाकपुड्या आणि तोंड समोर येतात, उजवा कान दक्षिणेला, डावा उत्तरेला. रूपक इतकं तपशिलात उतरलं पाहिजे. नगरी राखणारा पाच फण्यांचा नाग म्हणजे पंचप्राण. नगरीवर चालून येणारे 360 गंधर्व आणि तितक्याच गंधर्वी म्हणजे वर्षाचे दिवस आणि रात्री. त्या 720 जणांशी नाग एकटा शंभर वर्षं झुंजतो. आकडे गाळले तर आयुष्य झिजतं कसं, हेच हातून निसटतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटाला दे. राणी प्याली की पुरंजन पितो, ती रडली की रडतो, हसली की हसतो. ही राणी म्हणजे बुद्धी. तिच्यावरून बायकांना नावं ठेवणारे हा प्रसंग चुकीचा वाचतात. दिवसभरात राग आला की ‘राणी रुसली’ एवढंच मनात म्हण आणि तिच्यामागे कोण निघालं ते पाहा. कल्पनाशक्ती वापरायची ती इथे. नगरीचे बुरूज आणि बागा रंगवत बसलं तर नुसतं मनोराज्य होतं.

मग 29वा उघड. चुकलेले अर्थ खोडू नकोस, शेजारी शाईनं नारदांचा अर्थ लिही. पुरंजनाचा मित्र अविज्ञात सहज चुकतो, कारण गोष्टीत तो फार थोडा वेळ दिसतो. तो ईश्वर.

हे झालं की 26व्या अध्यायातला पाच घोड्यांचा रथ आणि कठोपनिषदाच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या वल्लीतला (भागातला) रथ शेजारी ठेव. दोन्हीकडे घोडे इंद्रियांचे, लगाम मनाचा, सारथी बुद्धी. तरी एक रथ शिकारीला निघतो आणि दुसरा विष्णूच्या परमपदाला पोचू शकतो. हा फरक नेमका कुठे पडतो, ते लिहून पाठव.